बाबांची बदली, मुलीची फी आणि सप्टेंबरमधली एक तारीख

प्रश्न : ऑगस्ट २०२५मध्ये आम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनहून टेक्ससमध्ये फ्रिस्कोला आलो. नवऱ्याची कंपनी तीच, फक्त बदली प्लॅनोच्या ऑफिसात. ते ४ ऑगस्टला तिथे रुजू झाले. ते एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, मी आणि दोन्ही मुलं त्यांच्यावर अवलंबून म्हणून एच-४वर. आय-१४० (कंपनीने भरलेला ग्रीन कार्डसाठीचा अर्ज) मंजूर आहे, ग्रीन कार्डचा मात्र पत्ता नाही. मुलगी मार्चमध्ये अठरा वर्षांची झाली, या मेमध्ये बारावी होईल. डॅलसजवळच्या एका सरकारी विद्यापीठात तिला प्रवेश मिळालाय, पण पोर्टलवर ‘नॉन-रेसिडेंट’ दिसतंय आणि फी कितीतरी पटींनी जास्त. भाडेकरार आणि विजेची बिलं अपलोड केली, तर ‘पुरावा अपुरा’ असं उत्तर आलं. एक मैत्रीण म्हणते लगेच घर घ्या. दुसरी म्हणते ग्रीन कार्ड नाही तर नाद सोडा. माझी बहीण सहा वर्षं ह्यूस्टनला आहे, तिचा पत्ता चालेल का? एडिसनचं घर विकलेलं नाही, भाड्याने दिलंय. शिवाय हे डिसेंबरमध्ये व्हिसाच्या स्टॅम्पिंगला भारतात गेले ते सात आठवड्यांनी परतले. त्यामुळे वर्ष मोडलं का? धाकटा नववीत आहे, त्याचंही पुढे हेच होणार का?
— एक आई, फ्रिस्को

उत्तर : ताई, तुम्ही लिहिलंय तसंच सगळं कागदोपत्री असेल, तर मुलगी येत्या फॉलपासूनच (ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या सत्रापासून) इन-स्टेट फीला, म्हणजे राज्यातल्या रहिवाशांच्या कमी फीला, पात्र आहे. तुम्ही पाठवलेले कागद खोटे नाहीत की कमी नाहीत, ते चुकीच्या प्रश्नाचं उत्तर देतात एवढंच.

टेक्ससचा कायदा दोन गोष्टी वेगळ्या धरतो: मुक्काम आणि बस्तान. भाडेकरार, विजेचं बिल, बँकेचं स्टेटमेंट यांनी मुक्काम सिद्ध होतो, म्हणजे तुम्ही इथे राहताय. बस्तान, म्हणजे इथेच कायमचं घर केल्याचं, सिद्ध करायला कायद्याने मोजकेच मार्ग दिलेत: टेक्ससमधली पगारी नोकरी, टेक्ससमधलं स्वतःच्या मालकीचं राहतं घर, टेक्ससमधला स्वतःचा व्यवसाय, किंवा आधीच बस्तान असलेल्या व्यक्तीशी लग्न. यांतलं एक तरी सलग बारा महिने असावं लागतं. तुमच्या घरात ते आहे, नवऱ्याची नोकरी. नेमका तिचाच कागद तुम्ही पाठवलेला नाही.

बारा महिने मोजायचे ते ‘सेन्सस डेट’पासून मागे. प्रवेशाचा दिवस, फी भरायचा दिवस, कॉलेज सुरू व्हायचा दिवस, यांतला कुठलाच इथे लागू नाही. फॉल आणि स्प्रिंगच्या नेहमीच्या सत्रात बारावा क्लास-डे म्हणजे सेन्सस डेट. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात वर्ग सुरू झाले, मध्ये लेबर डेची सुट्टी आली, की ही तारीख सप्टेंबरच्या दहाच्या आसपास पडते. विद्यापीठाच्या अकॅडमिक कॅलेंडरमध्ये ती छापलेली असते, आजच बघून लिहून ठेवा. तिच्या हाती सगळा निकाल आहे. ४ ऑगस्ट २०२५ ते सप्टेंबर २०२६चा दुसरा आठवडा म्हणजे तेरा महिने आणि वर काही दिवस. नवरा २०२५च्या सप्टेंबरअखेर रुजू झाले असते, तर फॉल हातचं गेलं असतं आणि स्प्रिंगपर्यंत थांबावं लागलं असतं. तुमच्याकडे महिन्याभराची मोकळीक आहे. कागदांत घोळ करून ती घालवू नका.

मुलगी तुमच्यावर अवलंबून असल्यामुळे तिचा रहिवास पालकाच्या बस्तानावरून ठरतो. म्हणजे तिच्या नावाचं बिल, तिची नोकरी यांची काहीच गरज नाही. सगळी केस नवऱ्याच्या नावाने बांधा. अर्जातही पालक म्हणून त्यांचंच नाव घाला. एका रकान्यात तुम्ही आणि दुसऱ्यात ते, अशी सरमिसळ झाली की तपासणाऱ्याला दोन अर्धवट पालक दिसतात.

आता नोकरीचं पत्र. इथेच बहुतेक घरं घसरतात. एचआरच्या वेबसाइटवर बटण दाबलं की आपोआप निघणाऱ्या पत्रात लिहिलेलं असतं: ‘अमुक व्यक्ती २०१७पासून आमच्याकडे पूर्णवेळ कामाला आहे.’ विद्यापीठाला यातून काय कळलं? कंपनी जुनी आहे, एवढंच. कामाची जागा नाही, टेक्ससचं नाव नाही. वर पत्त्याच्या जागी न्यू जर्सीचं मुख्य कार्यालय असेल तर ते पत्र उलट तुमच्याच विरुद्ध बोलतं. हवं ते पत्र असं:

‘(नाव) हे ४ ऑगस्ट २०२५पासून आजपर्यंत आमच्या (पूर्ण पत्ता), प्लॅनो, टेक्सस येथील कार्यालयात पूर्णवेळ, आठवड्याला ४० तास, (पद) या पदावर सलग काम करत आहेत. त्यापूर्वी ते आमच्या न्यू जर्सी कार्यालयात होते.’

कंपनीचं लेटरहेड, पत्राची तारीख, सही, सही करणाऱ्याचं पद आणि फोन. शेवटचं वाक्य मुद्दाम घातलंय. नाहीतर डब्ल्यू-२वर (कंपनी देते तो वार्षिक पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला) जानेवारीपासूनचा पगार बघून तपासणारा विचारतो की ऑगस्टआधी हे कुठे होते. उत्तर पत्रातच असलं की ई-मेलची एक फेरी वाचते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये एकेक फेरी दोन-दोन आठवडे खाते.

पत्र दोनदा घ्यावं लागेल. आता घ्याल ते आजच्या तारखेपर्यंतचंच सिद्ध करतं. त्याच मजकुराचं ताज्या तारखेचं दुसरं पत्र ऑगस्टच्या मध्यावर घेऊन ठेवा, सोबत सगळ्यात जुनी आणि सगळ्यात नवी टेक्ससच्या पत्त्याची पे-स्टब (पगाराची स्लिप).

डब्ल्यू-२ जोडण्याआधी स्वतः नीट वाचा. टेक्ससमध्ये राज्याचा प्राप्तिकर नाही, त्यामुळे टेक्ससचा कर भरल्याचा कागद मिळणारच नाही. इतर राज्यांत तोच मुख्य पुरावा असतो, म्हणून न्यू जर्सी-कॅलिफोर्नियाहून आलेली मंडळी तो शोधत बसतात. तुमच्या डब्ल्यू-२मध्ये रकाना १५ ते १७मध्ये न्यू जर्सी दिसेल, पण तिथला पगार साधारण सात महिन्यांचा असायला हवा. डिसेंबरपर्यंत न्यू जर्सीचाच कर कापला असेल, तर पेरोलने पत्ता वेळेत बदलला नव्हता. तो डब्ल्यू-२ तसाच पाठवलात तर तुम्हीच सांगितलंत की ते वर्षभर न्यू जर्सीत काम करत होते. पेरोलकडून दुरुस्त डब्ल्यू-२सी मागा.

त्याच धाग्यातला पुढचा कागद म्हणजे २०२५चं न्यू जर्सीचं रिटर्न. ते ‘पार्ट-इयर रेसिडेंट’ म्हणून भरलेलं हवं. एनजे-१०४०वर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत रहिवासी, अशी जागा असते. तिथे शेवटची तारीख ऑगस्टच्या सुरुवातीची असेल, तर हा तुमच्या बाजूचा उत्तम कागद आहे, कारण त्यात जुन्या राज्यालाच तुम्ही निघाल्याचं सांगितलंय. सवयीने पूर्ण वर्षाचे रहिवासी म्हणून भरलं असेल, तर आधी ते दुरुस्त करा. एडिसनच्या घराचं भाडं तुम्ही निघाल्यानंतर अनिवासी म्हणून एनजे-१०४०एनआरमध्ये दाखवायचं. घर विकलं नाही म्हणून बस्तान मोडत नाही. ते भाडेकरूकडे आहे हे दाखवणारा करार जोडला की झालं. त्या घरावर ‘हे आमचं मुख्य निवासस्थान’ म्हणून मिळणारी एखादी सवलत अजून चालू असेल तर मात्र ती बंद करा. एकाच वेळी दोन राज्यांत मुख्य घर असू शकत नाही.

एच-१बीवाल्यांच्या हाताशी आणखी एक कागद असतो, तो फारसा कोणाला आठवत नाही. कामाची जागा एका महानगर क्षेत्रातून दुसऱ्यात गेली की कंपनीला नवा एलसीए (कामाची जागा आणि पगार नोंदवणारा श्रम खात्याचा अर्ज) काढून एच-१बीची सुधारित याचिका भरावी लागते. त्या एलसीएवर कामाचा पत्ता छापलेला असतो: प्लॅनो, टेक्सस. कंपनीच्या वकिलाकडून तो आणि सुधारित आय-७९७ (मंजुरीची नोटीस) मागून घ्या. सरकारदरबारी नोंद झालेला कामाचा पत्ता असल्यामुळे तो पत्राला चांगलं पाठबळ देतो. वकील म्हणाला की अशी याचिका भरलीच नाही, तर मात्र फीचा विषय बाजूला ठेवा. तो व्हिसाचा प्रश्न झाला आणि आधी तो सोडवायला हवा.

सात आठवड्यांच्या भारतवारीने वर्ष मोडत नाही. परतायच्या इराद्याने केलेली तात्पुरती अनुपस्थिती चालते, आणि घर, मुलांची शाळा, नोकरी सगळं इथेच होतं. विचारलंच तर विमानाची तिकिटं, व्हिसाच्या भेटीची तारीख बदलल्याचा ई-मेल आणि पासपोर्टवरचा शिक्का एकत्र द्या. प्रश्न आला तर पगाराचा येईल: ते दिवस भरपगारी रजा होती, तिथून काम केलं, की बिनपगारी रजा होती? काही आठवडे बिनपगारी असले तरी घाबरू नका. नोकरी ‘भरीव’ ठरायला सरासरी आठवड्याला २० तास पुरतात, आणि ४० तासांच्या नोकरीत सात आठवडे वजा करूनही वर्षाची सरासरी ३४च्या वर राहते. रजा कशी होती ते खरं सांगा, आणि एचआरच्या पत्रात नोकरी ‘सलग’ असल्याचा उल्लेख राहू द्या.

मैत्रिणींच्या सल्ल्यांकडे येऊ. घर घ्यायचं असेल तर खुशाल घ्या, पण फीसाठी नको. मालकीचं घरसुद्धा सेन्सस डेटच्या आधी बारा महिने असावं लागतं. या मेमध्ये घेतलेलं घर या सप्टेंबरला काही सिद्ध करणार नाही. ग्रीन कार्डाचं म्हणाल, तर टेक्ससमध्ये एच-१बी आणि त्यांच्यासोबतचे एच-४ यांना बस्तान करता येतं. एफ-१ (विद्यार्थी) आणि बी (तात्पुरती भेट) व्हिसावाल्यांना येत नाही. (व्हिसावर असूनही राज्याचे रहिवासी होता येतं का, हा वाद जुना आहे. मेरीलँडच्या सरकारी विद्यापीठाने जी-४ व्हिसावरच्या (आंतरराष्ट्रीय संस्थांच्या कर्मचाऱ्यांच्या) घरांतल्या मुलांना इन-स्टेट फी नाकारली होती, आणि १९८२मध्ये टोल विरुद्ध मोरेनो या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते धोरण रद्द केलं.) आणि ह्यूस्टनच्या मावशीचा पत्ता अजिबात देऊ नका. कोर्टाने रीतसर पालक नेमल्याशिवाय मावशी ‘पालक’ ठरत नाही. मुळात तुमची खरी केस भक्कम असताना खोटा पत्ता घातलात तर तीही संशयात येते. चुकीच्या माहितीवर मिळालेल्या सवलतीचा फरक विद्यापीठ नंतर वसूल करू शकतं.

पोर्टलवर नॉन-रेसिडेंट आलं कसं? बहुधा अर्जातल्या रहिवासाच्या प्रश्नांतून. ‘बारावी पूर्ण होण्याआधी सलग ३६ महिने टेक्ससमध्ये होता का’ याला तुम्ही ‘नाही’ म्हटलं असणार, आणि ते बरोबरच आहे. त्यानंतर पालकाच्या आधारे दावा करण्याचे प्रश्न येतात. तिथे मुलांच्या हातून दोन चुका होतात. एक तर आईवडिलांच्या नोकरीच्या तारखा माहीत नसतात म्हणून रकाना रिकामा सोडतात. दुसरं, नागरिकत्वाच्या प्रश्नाला ‘इंटरनॅशनल’ निवडतात, आणि अर्ज एफ-१च्या रांगेत जाऊन पडतो. विद्यापीठाच्या रहिवास विभागाकडून ‘कोअर रेसिडेन्सी क्वेश्चन्स’चा फॉर्म मागा आणि मुलीसोबत बसून पुन्हा पहिल्यापासून भरा. सही तिचीच हवी, पण तारखा तुम्ही सांगा.

सोबत तिचं अवलंबित्व दाखवायला २०२५च्या फेडरल कर-रिटर्नचं (फॉर्म १०४०) पहिलं पान, जिथे अवलंबितांच्या यादीत तिचं नाव आहे ते. पगाराचे आणि सोशल सिक्युरिटीचे आकडे झाकलेत तरी चालतं, नावं झाकू नका. एच-४वरच्या मुलांना बहुधा सोशल सिक्युरिटी नंबर नसतो, आयटीआयएन (करासाठीचा ओळख क्रमांक) असतो. तो सलग तीन वर्षं रिटर्नमध्ये वापरला गेला नाही तर संपतो, आणि मग काही घरं मुलांची नावंच गाळून टाकतात. मुलीचं नाव तिथे आहे ना, एवढं पाहा. नातं सिद्ध करायला जन्मदाखला. महापालिकेचा दाखला फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घ्या. तिच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईवडिलांची नावं छापलेली असतील तर तेही पान जोडा. वडिलांचं नाव एका कागदावर ‘राव’सकट, दुसऱ्यावर रावाशिवाय, असं आपल्याकडे हमखास होतं. पासपोर्टवर जसं आहे तसं नाव धरा, आणि फरक असेल तिथे एका ओळीचा खुलासा लिहा. तपासणाऱ्याला आपली मधली नावं ओळखीची नसतात.

मुक्कामाचे कागद तुम्ही आधीच दिलेत, त्यात दोनच भर: मुलीची फ्रिस्कोच्या शाळेची ट्रान्सक्रिप्ट, प्रवेशाच्या तारखेसकट, आणि नवऱ्याचं टेक्ससचं लायसन्स. नव्याने आलेल्यांनी लायसन्स ९० दिवसांत आणि गाडीची नोंदणी ३० दिवसांत करायची असते. राहून गेलं असेल तर या आठवड्यात उरका. उशिराच्या तारखेने केस पडत नाही, पण खिशात न्यू जर्सीचं लायसन्स ठेवून टेक्ससचा दावा करणं शोभत नाही. तुमचंही बदला.

सगळं पाठवताना एक पान वर लावा. त्यावर फक्त तारखा आणि त्यांचा पुरावा: ४ ऑगस्ट २०२५, प्लॅनोला रुजू, जोडपत्र १. भाडेकरार सुरू, जोडपत्र २. शाळाप्रवेश, जोडपत्र ३. असं आठ-दहा ओळींत. चाळीस पानांची एकच पीडीएफ पाठवली की समोरचा माणूस पहिली पाच पानं वाचून ‘अपुरा’ लिहितो, आणि त्याला दोष देता येत नाही.

निकाल यायच्या आत फीची तारीख आली तर? न भरता वाट बघू नका. वेळेत फी न भरल्याने वर्गच रद्द झाले, तर रहिवास सिद्ध करून उपयोग नाही. हप्त्यांची सोय घ्या आणि पहिला हप्ता भरा. सेन्सस डेटच्या आत वर्गवारी बदलली तर जास्तीचे पैसे खात्यात जमा होतात. ती तारीख उलटली की साधारणपणे पुढच्याच सत्रापासून लाभ मिळतो, म्हणून मेअखेरपर्यंत पूर्ण फाइल जायला हवी. जोडीला शिष्यवृत्तीचीही चौकशी करा. किमान १,००० डॉलरची स्पर्धात्मक शिष्यवृत्ती मिळाली, तर टेक्ससची सरकारी विद्यापीठं बाहेरच्या विद्यार्थ्यालाही इन-स्टेट दर लावू शकतात. जागा मर्यादित असतात आणि सगळीकडे हे मिळत नाही, पण विचारायला काही लागत नाही. फेडरल मदतीवर मात्र विसंबू नका, ती एच-४वर मिळत नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगणं भाग आहे. मुलगी मार्च २०२९मध्ये एकवीस वर्षांची होईल, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या मध्यावर. त्याआधी ग्रीन कार्डचा शेवटचा अर्ज, आय-४८५, दाखल होऊन तिचं वय कायद्याने गोठलं नाही, तर एच-४ संपेल आणि बहुधा एफ-१वर जावं लागेल. एफ-१वर बस्तानाचा दावा टिकत नाही, आणि ३६ महिन्यांचा मार्ग तिला नाही, कारण तिने टेक्ससमध्ये शाळेचं एकच वर्ष केलंय. भारतीयांची रांग दशकाहून लांब आहे, त्यामुळे शेवटच्या वर्षाची फी बाहेरच्या दराने धरूनच हिशेब मांडा. २०२८च्या उन्हाळ्यात वकील, विद्यापीठाचं इंटरनॅशनल ऑफिस आणि रहिवास विभाग या तिघांनाही एकदा विचारून घ्या. तिन्ही ठिकाणची उत्तरं वेगळी येतात, म्हणून लेखी घ्या. वर्षभर आधी लागणं बरं, आय-५३९ भरून स्टेटस बदलायला महिने जातात.

धाकट्याचं चित्र वेगळं आहे. तो मे २०२९मध्ये टेक्ससच्या शाळेतून बाहेर पडेल तेव्हा इथे त्याला ४५ महिने झालेले असतील. ३६ महिन्यांच्या मार्गात पालकाची नोकरी, घर, बदली कशाचाच हिशेब नसतो. शाळा, बारावी पूर्ण होण्याआधीची सलग तीन वर्षं आणि सेन्सस डेटआधीचं एक वर्ष एवढंच बघतात. जून २०२५मध्ये कोर्टाच्या निकालाने देशात कायदेशीर वास्तव्य नसलेल्या मुलांची ही सवलत गेली. त्यामुळे स्टेटसचा पुरावा मागितला तर बिचकू नका, त्याचा आय-९४ (देशात प्रवेशाची नोंद) आणि आय-७९७ द्या. फक्त या तीन वर्षांत त्याला ‘एक वर्ष आजीकडे पुण्याला’ शिकायला पाठवण्याचा बेत कुणी काढला, तर नको म्हणा. उन्हाळ्याच्या सुट्टीत जाऊ दे. आणि दर जूनला त्याच्या शाळेची ट्रान्सक्रिप्ट आणि नव्या-जुन्या भाडेकराराची प्रत एका फोल्डरमध्ये टाकत जा.